फॉगसाहेब रात्रीतून नाशिक ओलांडून गेले (व्हर्न आणि वेल्स)

घाटमाथा | रविवार, सकाळी १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर कान धरा.

मी पंचवटी एक्सप्रेसचा पासधारक. नाशिकरोड ते मुंबई आणि परत, म्हणजे दिवसाचे सात तास गाडीतच जातात. डब्यात कुणी पत्ते कुटतं, कुणी घोरतं, मी वाचतो. यंदाच्या पावसाळ्यात ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स आलटून पालटून वाचले. सुरुवात ८० दिवसांच्या जगप्रदक्षिणेपासून केली. लहानपणी वाचलेलं रूपांतर अगदी बारकं होतं. या वेळी अख्खं इंग्रजी भाषांतर घेतलं आणि अकराव्या प्रकरणात अडकलो.

फिलिआस फॉग २० ऑक्टोबर १८७२ ला मुंबईत उतरतो. जेवायला म्हणून ससा समोर येतो, तो मारताना म्यांव करत होता का, असं तो मालकाला थंडपणे विचारतो आणि रात्री आठच्या गाडीने कलकत्त्याकडे निघतो. पुढे एका ओळीत कळतं की रात्रीतून गाडीने घाट ओलांडला, नासिक गेलं, आणि दुसऱ्या दिवशी खानदेशचा सपाट मुलूख लागला. संपलं. गोदावरी नाही, रामकुंड नाही, पांडवलेणी नाहीत. जगातल्या सर्वांत गाजलेल्या प्रवासकथेत आपलं गाव आहे, पण झोपेत.

मग रोजच्या प्रवाशाची खोड जागी झाली आणि मागची पानं पुन्हा काढली. गाडी कल्याण सोडते, मग पनवेल लागतं, मग घाट. बरोबरचा इंग्रज अधिकारी फॉगला सांगतो की काही वर्षांपूर्वी इथे उतरून पालखीने नाहीतर तट्टावर बसून खंडाळ्यापर्यंत जावं लागायचं. खंडाळा! अहो, नाशिकची गाडी आणि बोरघाटात? कसारा-इगतपुरीचा थळ घाट १८६५ च्या १ जानेवारीला सुरू झालेला होता. व्हर्न भारतात कधी आलाच नाही. नकाशावर दोन घाट बोटभर अंतरावर दिसले असतील, बोट घसरलं.

पुढे त्याहून मोठी थाप आहे. अलाहाबादच्या अलीकडे रूळच टाकलेले नाहीत म्हणून फॉग २,००० पौंड मोजून हत्ती विकत घेतो. प्रत्यक्षात मुंबई-कलकत्ता मार्ग मार्च १८७० मध्ये पुरा झाला होता. तो पुरा झाला, सुवेझ कालवा झाला, अमेरिकेत आरपार रेल्वे झाली, म्हणून तर ८० दिवसांची पैज सुचली. पण हत्ती नसता तर गोष्ट कसली?

आता मुद्दा. व्हर्न यंत्रांचा आणि वेल्स माणसांचा, व्हर्न आशावादी आणि वेल्स निराश, हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ असतं. दोघांना लागोपाठ वाचल्यावर मला ते पटेनासं झालंय. दोघांना एकच गोष्ट टोचत होती, असं वाटतं. एकाकडे यंत्र आहे, दुसऱ्याकडे नाही, मग पहिला दुसऱ्याचं काय करतो?

व्हर्नने समुद्रातलं सर्वांत भारी यंत्र, ती पाणबुडी, कुणाच्या हाती दिलं? कॅप्टन नेमोच्या. आणि नेमो कोण, ते 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये (१८७४-७५) उघड होतं. बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेला, घरदार गमावलेला. वेल्सने १८९८ मध्ये नेमकं उलट केलं. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये मंगळावरून आलेले यंत्रधारी लंडनच्या माणसांना मुंग्यांसारखे चिरडतात, आणि पहिल्याच प्रकरणात तो वाचकाला आठवण देतो की आपण युरोपियनांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं पन्नास वर्षांत हेच केलं, मग तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

एकाने हरलेल्याला यंत्र दिलं, दुसऱ्याने जिंकलेल्याला यंत्राखाली घातलं. मला यात दोन टोकं दिसत नाहीत, एकाच नाण्याच्या दोन बाजू दिसतात. तुमचं काय मत?

गोदाघाट | रविवार, सकाळी १०:३१

"पण झोपेत." इथेच धागा वसूल.

सातपूर_मधलीशिफ्ट | रविवार, सकाळी ११:०२

वाचनखूण साठवली आहे. शिफ्ट संपल्यावर सविस्तर. तूर्त एवढंच, फॉग सती जाण्यापासून वाचवतो ती आऊदा पारशी व्यापाऱ्याची मुलगी दाखवली आहे ना? पारशी मुलगी सती चालली आहे, हे वाचून मी पुस्तक मिटून पाच मिनिटं हसलो होतो.

जुनंबाड | रविवार, दुपारी १:२०

घाटमाथा, छान लिहिलंत. पहिला धागा वाटत नाही.

तुम्ही "बारकं रूपांतर" म्हणालात, त्याबद्दल थोडं. माझी पिढी व्हर्नला भेटली ती भा. रा. भागवतांमुळे. फास्टर फेणेचे भागवत. 'समुद्र सैतान', 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' ही पुस्तकं आम्ही सावानातून रांगा लावून आणायचो. (नव्या मंडळींसाठी: सावाना म्हणजे सार्वजनिक वाचनालय, नाशिक, १८४० पासून चालू.) एक पुस्तक घरी आलं की तीन भावंडांत पाळ्या लागत आणि मधल्याची पाळी आली की पानं चिकटलेली असत, कारण तो जेवताना वाचायचा.

भागवतांच्याही आधी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, 'केरळ कोकिळ' मासिकात व्हर्नची चंद्राची सफर मराठीत येऊन गेली होती. मासिकाचं नाव केरळ, संपादक आठल्ये, लेखक फ्रेंच, वाचक मराठी. आपल्याकडच्या विज्ञानकथेची पहिली पावलं अशी पडली.

पण व्हर्न मुलांच्या कपाटात गेला आणि तिथेच राहिला, यात त्याचं नुकसान झालं. मुलांसाठी कापताना पहिलं काय जातं? माशांच्या याद्या जातात आणि राजकारण जातं. उरतो तो यंत्रं आणि धाडस. म्हणून "व्हर्न यंत्रांचा". आणि हा दोष एकट्या मराठीचा नाही बरं. इंग्रजीत पाणबुडीच्या पुस्तकाचं जे पहिलं गाजलेलं भाषांतर झालं, मर्सियर यांचं, त्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त मजकूर गाळलेला होता. 'मिस्टीरियस आयलंड'च्या किंग्स्टन यांच्या भाषांतरात तर नेमो इंग्रज राज्याबद्दल जे कडू बोलतो तेच बोथट करून टाकलं. कारण उघड आहे. इंग्रज वाचकाला १८५७ चा बंडखोर नायक म्हणून कोण विकणार?

तुमच्याकडचं भाषांतर कुणाचं आहे ते एकदा पाहा. जुनं फुकट मिळणारं असेल तर नेमोचा निम्मा राग तुम्ही अजून वाचलेलाच नाही.

घाटमाथा | रविवार, दुपारी १:४४

जुनंबाडताई, आत्ता पाहिलं. किंग्स्टनच आहे. म्हणजे बोथट केलेला नेमो वाचून मी एवढा पेटलो!

देवळालीकर | रविवार, दुपारी ३:१०

तोफखान्यात नोकरी झाली, आता कॅम्पातच राहतो. साहित्यातलं कळत नाही. तोफेतलं कळतं, म्हणून तेवढंच.

व्हर्न १८६५ च्या पुस्तकात तिघांना तोफेतून चंद्रावर पाठवतो. नळीची लांबी ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. तोंडाशी वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे साधारण ११ किलोमीटर. आमच्या १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा सेकंदाला ८००-९०० मीटरने बाहेर पडतो, त्यावरून अंदाज घ्या. वेगाचा वर्ग करा, नळीच्या दुप्पट लांबीने भागा. त्वरण येतं गुरुत्वाकर्षणाच्या २२ हजार पट. सत्तर किलोचा माणूस त्या क्षणी दीड हजार टनांचा होतो. नळीचा खालचा भाग दारूने भरलेला आहे हे धरलं तर आकडा आणखी वाढतो. लढाऊ विमानातला वैमानिक खास सूट घालून नऊ पट सोसतो, तेही काही सेकंद. व्हर्नने खाली पाण्याच्या गाद्या दिल्या आहेत. गाद्यांनी काही होत नाही. तिघांचा जमिनीवर लेप होईल.

आता गंमत. १९०३ मध्ये एका मुलाखतीत व्हर्नने वेल्सवर टीका केली. सारांश असा की मी भौतिकशास्त्र वापरतो, हा मनाचं रचतो; मी तोफेच्या गोळ्यातून जातो, हा गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या धातूचं यान बनवतो; तो धातू दाखवा म्हणावं.

म्हातारबांना विचारायला हवं होतं, तोफेतून जिवंत निघालेला माणूस आधी तुम्ही दाखवा.

तरीही मला व्हर्नच आवडतो. त्याने हिशेब तरी केला. ११ किलोमीटर हा आकडा बरोबर आहे, पृथ्वी सोडायला तेवढाच वेग लागतो. फ्लोरिडाही बरोबर, फक्त कारण वेगळं. त्याला चंद्र डोक्यावर येणारं अक्षवृत्त हवं होतं. अमेरिकेने केप निवडलं ते पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळावा आणि पुढे मोकळा समुद्र असावा म्हणून. परत येताना त्याचा गोळा पॅसिफिकमध्ये पडतो, अपोलो ११ पण तिथेच पडलं. लोक याला भाकीत म्हणतात. मी म्हणतो, अंदाज घेऊन मारलेले चार गोळे, त्यातले दोन लागले.

गोदाघाट | रविवार, दुपारी ३:१५

"जमिनीवर लेप होईल" :)) काका, साहित्यातलं कळत नाही म्हणता आणि असं लिहिता.

शून्यप्रहर | रविवार, संध्याकाळी ६:५०

धागा मस्त, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध. घाटमाथा, तुम्ही व्हर्नला फुकट गुण देताय.

नेमो सुरुवातीला हिंदुस्थानी नव्हताच. व्हर्नच्या डोक्यात तो पोलिश सरदार होता, रशियावर सूड घेणारा. प्रकाशक हेत्झेलने हात वर केले, कारण रशियात पुस्तकं खपत होती. म्हणून पाणबुडीच्या पुस्तकात (१८६९-७०) नेमोचा देश गुलदस्त्यात ठेवला आणि पाच वर्षांनी तो बुंदेलखंडचा निघाला. फ्रेंच लेखकाला इंग्रजांचा शत्रू दाखवणं सोयीचं होतं, एवढाच त्याचा अर्थ. वर डक्कारला टिपू सुलतानचा भाचा केलाय. बुंदेलखंडचा राजपुत्र आणि म्हैसूरचा मामा! हे म्हणजे सोयरीक जुळवणाऱ्यानेसुद्धा केलं नसतं.

आणि १८८० चं ते वाफेच्या हत्तीचं पुस्तक विसरलात का? हत्तीच्या आकाराचं इंजिन, मागे चाकांवरचे दोन बंगले, आत साहेबलोक आरामात बसून कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थान फिरतात. त्यात खलनायक कोण? नानासाहेब पेशवे. कादंबरी सुरूच होते औरंगाबादेत, नानासाहेबांना पकडून देणाऱ्याला बक्षीस अशी जाहिरात लागते तिथून. पाच वर्षांपूर्वी ज्या बंडाने नेमो घडवला त्याच बंडाचा पुढारी इथे क्रूरकर्मा. मग व्हर्नची बाजू कोणती? मला विचाराल तर बाजूच नाही. त्याला नकाशा हवा होता आणि नकाशावर हलणारं यंत्र हवं होतं.

वेल्सचं तसं नाही, कारण तो खालून वर आला होता. आई मोठ्या हवेलीत घरकाम बघणारी, बापाचं चिनीमातीच्या भांड्यांचं न चालणारं दुकान. (अवांतर: बाप जोसेफ वेल्स क्रिकेटर होता, १८६२ मध्ये केंटकडून ससेक्सविरुद्ध लागोपाठ चार चेंडूंत चार बळी. पोराने मात्र नाव वेगळ्याच मैदानात काढलं.) लहानपणी पाय मोडला म्हणून अंथरुणात पडून वाचायची गोडी लागली. मग कापडाच्या दुकानात उमेदवारी, तिथून शिष्यवृत्तीवर विज्ञानाच्या शाळेत, शिकवायला साक्षात हक्सली, डार्विनचा खंदा समर्थक. ज्या हवेलीत आई होती तिथे नोकरांनी मालकांच्या नजरेला पडू नये म्हणून जमिनीखालून भुयारं होती. आता 'टाइम मशीन' (१८९५) आठवा. सन ८,०२,७०१. वर उजेडात बागडणारे एलॉय, खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक, आणि रात्री खालचे वर येऊन वरच्यांना खातात. हे त्याने नकाशात बघून लिहिलेलं नाही, तो त्या जिन्यावरून चढला-उतरला होता.

तेव्हा "एकाच नाण्याच्या दोन बाजू" वगैरे नको. एकाला जखम होती, दुसऱ्याला विषय हवा होता.

सातपूर_मधलीशिफ्ट | रविवार, रात्री ११:५५

आत्ता घरी आलो. शून्यप्रहर, जोरदार. पण मॉरलॉकबद्दल मला नेहमी एक खटकतं. मी स्वतः मधल्या शिफ्टला यंत्रावर उभा असतो. वेल्सला खालच्यांची कणव नाही, भीती आहे. मॉरलॉक पांढुरके, चिकट, माकडासारखे. गोष्ट सांगणारा माणूस एलॉयच्या बाजूने, आणि खालच्यांना लोखंडी दांड्याने बडवताना त्याला बरं वाटतं. जिन्यावरून वर चढलेला माणूस जिन्याखाली पुन्हा बघताना असंच बघतो, हे कारखान्यात सुपरवायझर झालेल्यांकडे बघून सांगतो.

त्याचं मला आवडतं ते दुसरं, कामातला काटेकोरपणा. एक अशक्य गोष्ट मान्य करायला लावतो, पण त्यापुढे ढिलाई नाही. 'इनव्हिजिबल मॅन'मधल्या अदृश्य माणसाला अंगावर कपडे चालत नाहीत, म्हणून तो ऐन थंडीत उघडा कुडकुडतो. खाल्लेलं अन्न पचेपर्यंत पोटात दिसतं. बर्फात पावलं उमटतात. मांजरावर प्रयोग केला तर मांजर गायब, पण डोळ्यांमागचा चकाकता पडदा तेवढा उरतो. आमच्याकडे याला टॉलरन्स म्हणतात, ठरल्या मापाच्या बाहेर जायचं नाही. (अदृश्य माणसाच्या डोळ्याचा पडदाही प्रकाश अडवत नसेल तर तो ठार आंधळा हवा, ही चूक आहेच. एक पीस रिजेक्ट.)

आठळी | सोमवार, सकाळी ९:०५

हा तोच वेल्स ना, ज्याने रेडिओवर मंगळवासी आले म्हणून बातमी देऊन अमेरिकेत घबराट उडवली?

गोदाघाट | सोमवार, सकाळी ९:०९

तो ऑर्सन वेल्स हो. १९३८. नाटक याच्याच पुस्तकावरून केलं होतं. आडनावाचा उच्चार सारखा, स्पेलिंग वेगळं. आणि घबराटीच्या कहाण्याही वर्तमानपत्रांनी फुगवल्या होत्या.

आठळी | सोमवार, सकाळी ९:२०

अरेच्चा. धन्यवाद. मग माझी खरी भर घ्या, ती नाशिकची आहे. १९०२ मध्ये जॉर्ज मेलिएसने चंद्रावरच्या सफरीचा मूकपट केला. चंद्राच्या डोळ्यात गोळा घुसतो तो. त्यात जायची तोफ व्हर्नची, आणि चंद्रावर भेटणारे किड्यांसारखे रहिवासी वेल्सच्या १९०१ च्या पुस्तकातले. म्हातारा व्हर्न पुढच्या वर्षी वेल्सच्या धातूवरून भांडत होता, पण पडद्यावर मेलिएसने त्यांचं लग्न आधीच लावून टाकलं होतं. आणि मेलिएससारखेच कॅमेऱ्याच्या करामती करून देव प्रकट करणारे, गायब करणारे दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. फाळक्यांची हिंदुस्थान कंपनी नाशिकमध्येच होती. फाळके स्मारकात पोरांना घेऊन जाता तेव्हा हेही सांगा.

घाटमाथा | सोमवार, रात्री ८:१५

काल रात्रीपासून शून्यप्रहर यांचा प्रतिसाद डोक्यात आहे.

नेमो पोलिश होता हे मान्य, वाफेचा हत्तीही मान्य. नानासाहेबांचं चित्र वाचून मलाही कानकोंडं झालं. व्हर्न सुसंगत नाही, हे मी लिहायला हवं होतं. पण बघा, हेत्झेलने नाही म्हटल्यावर त्याला असा माणूस शोधायचा होता ज्याचा साम्राज्यावरचा राग वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. आयर्लंड होतं, इतरही देश होते. तो १८५७ पाशी येऊन थांबला. सोय म्हणून का होईना, पॅरिसमधल्या पोरासोरांच्या मासिकाचा लेखक सर्वांत हुशार अभियंता म्हणून एका हिंदुस्थानी माणसाला निवडतो, आणि आजारी नेमो जिथे मरतो तिथे त्याला नावं ठेवणारं कुणी नाही. आमच्या डब्यातला एक जण म्हणाला, "लेखकाची बाजू त्याच्या मुलाखतीत कशाला शोधतोस, मरताना तो कुणाच्या उशाशी बसलाय ते बघ." पत्ते पिसता पिसता म्हणाला.

सातपूर, तुमचं मॉरलॉकबद्दलचं वाचून मी पुस्तक पुन्हा उघडलं. पटलं. एवढी वर्षं मी ते एलॉयसारखंच वाचत होतो.

पण एक गोष्ट वेल्सची सोडवत नाही. 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लिहिताना तो वोकिंगमध्ये राहायचा आणि सायकलवरून फिरत कुठलं घर, कुठला रस्ता मंगळवाल्यांकडून उडवायचा ते टिपत जायचा. म्हणजे कुणी सायकल काढून आधी गंगापूर रोड, मग कॉलेज रोड, मग द्वारका असं खुणा करत जावं, तसं. स्वतःच्या शेजाऱ्यांवर साम्राज्य सोडायचं म्हणजे असं गल्लीबोळ माहीत असायला लागतं. व्हर्नला आपला घाटसुद्धा नीट माहीत नव्हता. शून्यप्रहर, इथे तुमचे गुण पूर्ण.

जुनंबाड | सोमवार, रात्री ९:३०

आशावादी-निराशावादी या जोडीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून.

व्हर्नने अगदी सुरुवातीला, फुग्यातल्या प्रवासाचं पुस्तक १८६३ मध्ये गाजलं त्याच सुमारास, विसाव्या शतकातल्या पॅरिसवर एक कादंबरी लिहिली होती. काचेचे मनोरे, वेगवान गाड्या, हिशेबाची यंत्रं, आणि त्यात कुणालाच नको असलेला एक कवी, जो शेवटी बर्फात भटकत कोसळतो. हेत्झेलने ती परत केली. हस्तलिखित पडून राहिलं आणि छापलं गेलं थेट १९९४ मध्ये. म्हणजे "आशावादी व्हर्न" हा काही अंशी प्रकाशकाने घडवलेला आहे. १८७९ मध्ये त्याने वारशाच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या दोन शहरांची गोष्ट लिहिली. (पैसा कुणाचा? एका हिंदुस्थानी बेगमेचा. घाटमाथा, ही तुमच्या कामाची.) त्यातलं एक शहर नुसता पोलादाचा कारखाना, आणि मालक शेजारच्या शहरावर टाकायला भलीमोठी तोफ ओततो.

वेल्सचं उलट. त्याच्या १९१४ च्या कादंबरीत अणुबॉम्ब आहेत, हा शब्दही त्याचाच. विमानातून हाताने टाकायचे आणि दिवसेंदिवस जळत राहणारे. पण शेवट बघाल तर जग शहाणं होऊन एक सरकार बनवतं. हे पुस्तक भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्डने १९३२ मध्ये वाचलं, आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रस्ता ओलांडताना त्याला अणुबॉम्बमागच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. निराश माणूस असा शेवट करत नाही. वेल्स १३ ऑगस्ट १९४६ ला गेला. हिरोशिमा होऊन वर्ष झालं होतं. त्याला ते बघावं लागलं.

देवळालीकर | सोमवार, रात्री ९:४१

याला काय म्हणावं कळत नाही. वाचून उठून गॅलरीत जाऊन आलो.

शून्यप्रहर | मंगळवार, सकाळी ८:२५

जुनंबाड, पॅरिसच्या कादंबरीचं माहीत नव्हतं. माझ्या प्रतिसादातलं "बाजूच नाही" हे वाक्य मागे घेतो. बाजू होती, प्रकाशक आड आला असं म्हणू. सातपूर यांच्या मुद्द्यावर विचार चालू आहे, अजून उत्तर सापडलेलं नाही.

आता नाशिकचा धागा आहे तर नारळीकर येणारच. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ९४ वं साहित्य संमेलन आडगावला झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. तब्येतीमुळे ते येऊ शकले नाहीत. मी मंडपात होतो, अध्यक्षांची खुर्ची बघून वाईट वाटलं होतं. आता तर ते नाहीतच, मे २०२५ मध्ये गेले. प्रश्न असा, नारळीकर कुणाच्या घराण्यातले?

सातपूर_मधलीशिफ्ट | मंगळवार, सकाळी ८:५०

व्हर्नच्या. विज्ञान आधी, गोष्ट नंतर. १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' पाठवली तीसुद्धा नारायण विनायक जगताप या नावाने, आद्याक्षरं उलटी करून. म्हणजे नावातही हिशेब.

जुनंबाड | मंगळवार, सकाळी १०:१०

इतकं सोपं नाही हो. 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचा पुन्हा. मराठे पानिपत जिंकले असते तर, हा प्रश्न व्हर्न कधीच विचारणार नाही. तो वेल्सचा प्रश्न आहे: एकच अशक्य गोष्ट मान्य करा आणि पुढचं सगळं ओळखीचं ठेवा. रेल्वेही आहे त्यात, घाटमाथा.

आणि घराणं शोधायचं तर केंब्रिजला जावं लागेल. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकादंबऱ्या लिहीत.

देवळालीकर | मंगळवार, सकाळी १०:३०

वेल्सचा धातू आणि व्हर्नची तोफ, दोन्हींवर नारळीकर सरांनी लाल शाईने गोल केला असता.

आठळी | मंगळवार, दुपारी ४:००

मी लहान मुलांच्या वाचनगटासाठी यातलं एक निवडणार आहे. इयत्ता सातवी-आठवी. कुठलं घेऊ?

जुनंबाड | मंगळवार, दुपारी ४:२५

'मिस्टीरियस आयलंड' घ्या, पण लांबीला घाबरू नका आणि कापू नका. पाच माणसं, एक कुत्रा, हातात काही नाही. काच, साबण, लोखंड, सगळं स्वतः करतात. मुलं गुंगतात. नेमो शेवटी येईल तेव्हा १८५७ शिकवायची वेगळी गरज पडणार नाही.

सातपूर_मधलीशिफ्ट | मंगळवार, दुपारी ४:४०

मी म्हणेन वेल्सची आंधळ्यांच्या खोऱ्याची गोष्ट, १९०४ ची. छोटी आहे, एका बैठकीत होते. डोळस माणूस आंधळ्यांच्या गावात पोचतो, वाटतं राजा होईल. होत नाही. त्यांनाच वाटतं याच्या तोंडावर हे जे दोन गोळे आहेत ते काढले की हा बरा होईल. आठवीच्या पोरांना नीट कळते, त्यांना घरी रोज हाच अनुभव असतो.

घाटमाथा | मंगळवार, संध्याकाळी ७:५५

आठळी, दोन्ही घ्या. माझी जुनी प्रत देतो, पण ती किंग्स्टनची आहे, तेव्हा नकोच. जुनंबाडताईंनी सुचवलेलं अखंड भाषांतर मागवलंय, माझं वाचून झालं की देईन.

आता गाडीतूनच लिहितोय. कसारा आलं, मागून इंजिनं लागतायत. पुढे बोगदे आहेत, रेंज जाईल. शून्यप्रहर यांना एक राहिलंय विचारायचं, ते वाफेच्या हत्तीचं पुस्तक तुम्ही कुठून मिळव

गोदाघाट | मंगळवार, संध्याकाळी ८:०२

गेली रेंज. घाटमाथा, फॉगसाहेबांसारखे झोपू नका, मनमाडला जाग येईल.